बी.एड.चे पैसे: आधी प्रवेशाचं दार, मग फीचा आकडा

बी.एड. सीईटीचा निकाल लागला की दरवर्षी वाचकांचा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो: "अमुक कॉलेजची फी इतकी आहे, आम्हाला जमेल का?" प्रश्न रास्त आहे, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुली घ्या. प्रवर्ग तोच, घरचं उत्पन्नही साधारण तेवढंच. एकीचं शिक्षण शुल्क माफ आहे आणि दुसरीच्या वडिलांनी सोनं गहाण ठेवून पूर्ण फी भरली आहे. फरक एवढाच, की पहिली कॅप राउंडमधून आली आणि दुसरीनं "कशाला ती ऑनलाइनची भानगड" म्हणून थेट संस्थेत प्रवेश घेतला. फीचा फलक दोघींसाठी एकच होता. म्हणून कोणत्या दारातून आत जायचं हे आधी ठरवा.

त्याच्याही आधी: तुम्हाला बी.एड.च हवं आहे का?

दोन वर्षं आणि पैसे घालण्यापूर्वी कोणत्या वर्गांना शिकवायचं आहे हे नक्की करा. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. तरीही "बी.एड. केलं की सगळीकडे चालतं" असं सांगणारे एजंट आजही भेटतात.

- पहिली ते पाचवी: डी.एल.एड. (जुनं डी.एड.) आणि टीईटीचा पेपर १.
- सहावी ते आठवी: पदवीसह बी.एड. किंवा डी.एल.एड., आणि टीईटीचा पेपर २.
- नववी-दहावी: त्या विषयातली पदवी आणि बी.एड.
- अकरावी-बारावी: त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.

लहान मुलांना शिकवायचं असेल तर डी.एल.एड. बारावीनंतर करता येतं. त्याची प्रवेश प्रक्रिया पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद राबवते. ज्यांना प्राथमिकच हवं आहे त्यांनी बी.एड.वर खर्च करू नये, इतकं माझं मत स्पष्ट आहे.

कॅप की संस्था स्तर?

राज्यात बी.एड.चे प्रवेश सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून होतात. काही जागा मात्र संस्था स्तरावर किंवा व्यवस्थापन कोट्यातून भरल्या जातात. सरकारी सवलतीची जवळपास प्रत्येक योजना कॅपमधून आलेल्यांनाच लागू होते. शैक्षणिक कर्जावरच्या केंद्राच्या व्याज सवलतीही गुणवत्तेवर मिळालेल्या प्रवेशालाच आहेत. तेव्हा संस्था स्तरावर प्रवेश घेताना तुम्ही नुसती जागा घेत नाही, तर दोन वर्षांची सवलतही सोडून देता.

कॅपमध्ये मनासारखं कॉलेज मिळालं नाही म्हणून रागानं बाहेर पडणारे बरेच असतात. घराजवळच्या कॉलेजात संस्था स्तरावर पूर्ण फी भरायची, की ४० किलोमीटरवरच्या कॉलेजात शुल्कमाफीनं शिकायचं? एसटीचा पास आणि खोलीभाडं धरूनही दुसरा पर्याय बहुतेक वेळा स्वस्त पडतो. कागदावर मांडून बघा. पर्याय भरताना यादी आखडती ठेवू नका. जाण्यायेण्याच्या अंतरावरचं प्रत्येक अनुदानित आणि शासकीय कॉलेज तीत घाला.

विनाअनुदानित कॉलेजची फी कॉलेज स्वतः ठरवत नाही. २०१५च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक संस्थेची फी मंजूर करतं आणि ते आकडे त्याच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात. कॉलेजच्या ऑफिसात जाण्याआधी त्या पानाची प्रत मोबाइलमध्ये ठेवा. काउंटरवरचा आकडा त्याहून मोठा निघाला तर "हे जादा कशाचे?" असं विचारा आणि उत्तर लेखी मागा. तेवढ्यानेही अनेकदा आकडा खाली येतो.

कोणती सवलत तुमची?

सगळ्या योजना इथे मांडत बसत नाही. बहुतेकांचं काम ज्यांवर भागतं त्या सांगतो. यांतल्या बहुतेकांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतात.

मुलींसाठी शुल्कमाफी. २०२४-२५ पासून कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. पालकांचं सर्व मार्गांनी मिळणारं वार्षिक उत्पन्न ८ लाख किंवा त्याहून कमी हवं. ८ जुलै २०२४चा शासन निर्णय डाउनलोड करून ठेवा, कामाला येतो. पण 'सगळं फुकट' असं समजू नका. विकास शुल्क, अनामत, वसतिगृह आणि पुस्तकं यात येत नाहीत. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही या योजनेच्या बाहेर आहेत. घरातली मुलगी शिकायची राहिली असेल तर तिला आधी पाठवा, असं मी हल्ली हिशेबाच्या भाषेतही सांगू शकतो.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. लोकांच्या तोंडी 'ईबीसी'. खुल्या प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी. व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. महाराष्ट्राचा अधिवास लागतो आणि एका कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांनाच लाभ मिळतो. दूरशिक्षण आणि अर्धवेळ अभ्यासक्रम चालत नाहीत.

अनुसूचित जाती-जमातींसाठी. उत्पन्न २.५ लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी. "आमचं उत्पन्न जास्त आहे, आम्हाला काही नाही" म्हणून अर्जच न करणारी घरं आहेत. त्यांनी फ्रीशिपचा रकाना उघडून बघावा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, त्याखालच्या शहरांत ५१,००० आणि इतर ठिकाणी ४३,००० रुपये. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी अशीच पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, तर इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना.

डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या, घरापासून दूर राहून शिकणाऱ्या मुलांसाठी. सातबारा नावावर असूनही ही योजना माहीत नसलेली किती कुटुंबं असतील, देव जाणे.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एक आडवा नियम आहे. एका टप्प्याचं शिक्षण झाल्यावर त्याच टप्प्यावर दुसरा विषय घेतला, म्हणजे मराठीत एम.ए. करून मग इतिहासात एम.ए., तर दुसऱ्यासाठी शिष्यवृत्ती नाही. एक व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करून दुसऱ्यात गेलात, उदाहरणार्थ बी.एड.नंतर एलएल.बी., तरीही नाही. पुढची चार-पाच वर्षं डोळ्यांसमोर ठेवून क्रम लावा.

अर्ज अडतो तो इथे

पात्र असूनही पैसे न मिळण्याची कारणं फार साधी असतात.

- खातं. महाडीबीटीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि तुम्ही सर्वांत शेवटी ज्या खात्याला आधार जोडलं त्यातच. अनेकांचं ते खातं गॅसच्या सबसिडीसाठी उघडलेलं आणि आता बंद पडलेलं निघतं. अर्ज करण्यापूर्वी बँकेत विचारून घ्या.
- नाव. गुणपत्रिकेवर माहेरचं आणि आधारवर सासरचं नाव असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद तयार ठेवा. हे काम प्रवेशाच्या आठवड्यात उरकत नाही.
- दाखल्याची मुदत. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमिलेअर यांवर ३१ मार्चची तारीख बघा. फेब्रुवारीत काढलेला दाखला जूनमध्ये निरुपयोगी ठरू शकतो. निकालानंतर तहसीलमध्ये रांगा लागतात, म्हणून सीईटीचा फॉर्म भरला की लगेच महा ई-सेवा केंद्र गाठा.
- ईडब्ल्यूएस. हा उत्पन्नाचा दाखला नव्हे, वेगळं प्रमाणपत्र आहे. उत्पन्न कमी असूनही हे प्रमाणपत्र नसल्यानं अडलेल्या मुली दरवर्षी दिसतात.
- खंड. पदवी आणि बी.एड. यांच्यात वर्षं गेली असतील तर गॅप सर्टिफिकेट लागतं.
- कॉलेजचं लॉगिन. तुम्ही सबमिट केलं म्हणजे अर्ज गेला असं नाही. आधी कॉलेजचा लिपिक तो तपासतो, मग विभाग. त्रुटी निघाली तर अर्ज तुमच्याकडे परत येतो आणि तुम्ही पोर्टल उघडलंच नाही तर तिथेच पडून राहतो. दर आठवड्याला स्थिती बघा.
- दुसरं वर्ष. नूतनीकरणाचा अर्ज वेगळा करावा लागतो. तो आपोआप होत नाही.

फीची रक्कम तुमच्या खात्यात आली तर ती कॉलेजची आहे, तुमची नाही. ती घरखर्चात गेली की वर्षाअखेरीला परीक्षेच्या अर्जाला कॉलेज अडून बसतं, आणि त्या वेळी तुमची बाजू लंगडी असते.

फीच्या पावतीत न दिसणारा खर्च

बी.एड.चा सर्वांत मोठा खर्च म्हणजे बुडालेला पगार. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या निकषांप्रमाणे अभ्यासक्रमाला ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते. इंटर्नशिप दोन वर्षांत मिळून २० आठवडे असते. खासगी क्लासमधली संध्याकाळची नोकरी टिकेल, दिवसाची टिकणार नाही.

"या नुसते परीक्षेला, बाकी आम्ही बघतो" असं सांगून जादा पैसे मागणारे असतात. या 'नॉन-अटेंडिंग' प्रवेशाला हात लावू नका. पैसे रोखीत जातात, पावती मिळत नाही, आणि हजेरीची तपासणी झाली तर अडकता तुम्ही. शिवाय पाठ न घेता बी.एड. झालेला शिक्षक पहिल्या तासालाच उघडा पडतो.

बाकीचे खर्च लहान, पण सतत चालणारे: पाठ टाचणाच्या वह्या, तक्ते, सराव पाठांचं साहित्य, छात्राध्यापकांचा गणवेश, सराव शाळेपर्यंतचा प्रवास, शैक्षणिक सहल. ज्येष्ठ विद्यार्थ्यांना विचारा. कॉलेजचं ऑफिस हे सांगत नाही. तक्ते आणि पुस्तकं मागच्या तुकडीकडून मिळतात, नवी घेण्याचं कारण नाही.

नोकरीत असलेल्या, डी.एड. झालेल्या शिक्षकांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं आणि इग्नूचं दूरशिक्षणातलं बी.एड. आहे. पगार सुटत नाही, हा त्याचा खरा फायदा. नव्यानं पदवीधर झालेल्यांसाठी मात्र ते नाही. "मुक्तमधून करून देतो" म्हणणाऱ्याला तुमची सेवेची अट कशी पूर्ण होते ते आधी विचारा.

राज्याबाहेर जायची तयारी असेल तर भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेचा विचार करा. ती एनसीईआरटीची संस्था आहे आणि महाराष्ट्र व गोवा तिच्या कार्यक्षेत्रात येतात. फी सरकारी, वसतिगृह आवारातच. प्रवेश परीक्षा वेगळी असते आणि तिची जाहिरात सीईटीच्या धामधुमीत निसटून जाते.

कर्ज घ्यायचं तर

सरकारी बँकेत ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. पालक सहकर्जदार असतात आणि एवढ्या रकमेवर स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. बी.एड.चा खर्च बहुतेकांचा याच मर्यादेत बसतो. परतफेड शिक्षण संपल्यावर साधारण एका वर्षानं सुरू होते. बँक मॅनेजर "एफडी ठेवा" किंवा "विमा काढा, मग बघू" म्हणाले तर नकाराचं कारण लेखी मागा.

व्याजाची मदत दोन ठिकाणी मिळू शकते. कुटुंबाचं उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत शिक्षणकाळ आणि पुढचं एक वर्ष एवढ्या काळाचं व्याज सरकार भरतं. त्यासाठी कॉलेजचं नॅक मूल्यांकन झालेलं आहे का, ते प्रवेशापूर्वी बघा. दुसरी, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी. तिचा गाजावाजा झाला, पण ती निवडक संस्थांपुरतीच आहे. तालुक्याच्या गावातलं बी.एड. कॉलेज त्या यादीत सापडण्याची आशा ठेवू नका. केंद्रीय संस्थेत किंवा नामांकित विद्यापीठात पदव्युत्तरला जात असाल तर मात्र यादी जरूर तपासा.

आता हिशेब. समजा, दोन वर्षांत एक-एक लाख असे २ लाख उचललेत आणि व्याज १० टक्के. काहीच भरलं नाही तर परतफेड सुरू होईपर्यंत साध्या व्याजाचे ५०,००० रुपये जमा होतात. मग २.५ लाखांचा पाच वर्षांचा हप्ता पडतो महिना सुमारे ५,३००. शिकताना नुसतं व्याज भरत राहिलात, म्हणजे पहिल्या वर्षी महिना ८५० आणि पुढे १,७०० रुपयांच्या आसपास, तर हप्ता ४,२५० वर येतो.

हा हप्ता कशातून भरणार? इथे बहुतेक जण सातव्या वेतन आयोगाचा पगार डोळ्यांसमोर आणतात. तसं करू नका. अनुदानित शाळेत लागलात तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. १ जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे. म्हणजे माध्यमिकच्या मानधनातला जवळजवळ तिसरा हिस्सा हप्त्यात जाणार. आणि ही नोकरीही लगेच मिळेल असं नाही. पवित्र पोर्टलवरच्या भरतीसाठी लागणारी अभियोग्यता चाचणी २०१७ मध्ये झाली, त्यानंतर थेट २०२३ मध्ये, मग २०२५ मध्ये. मधली वर्षं विनाअनुदानित शाळेच्या पगारावर काढायची तयारी ठेवूनच कर्जाचा आकडा ठरवा. माझा ठोकताळा असा: माध्यमिकच्या मानधनावर महिना ४,००० पेक्षा जास्त हप्ता येईल एवढं कर्ज बी.एड.साठी घेऊ नये.

नोकरी लागल्यावर व्याजाची वजावट प्राप्तिकरात कलम ८०ई खाली आठ वर्षांपर्यंत मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडलीत तरच. आणि कर्ज बँकेचं किंवा मान्य वित्तीय संस्थेचं हवं. मामाकडून किंवा वडिलांच्या पतसंस्थेतून घेतलेल्याला ती नाही.

आधी एम.ए., एम.एस्सी. करणाऱ्यांसाठी

इथे प्रश्न तुलनेनं सोपा आहे. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागातली फी खासगी कॉलेजांपेक्षा बरीच कमी असते आणि वसतिगृह मिळालं तर अर्धी चिंता मिटते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासह अनेक विद्यापीठांत 'कमवा आणि शिका' योजना आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या काळापासून महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेली ही गोष्ट आज विचारायलाच मुलं लाजतात.

यूजीसीची पदव्युत्तर शिष्यवृत्ती मात्र चुकवू नका: महिना १५,००० रुपये, वर्षातले १० महिने, दोन वर्षं. अर्ज पहिल्या वर्षातच, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. वय ३० पर्यंत, अभ्यासक्रम नियमित आणि पहिलंच पदव्युत्तर शिक्षण. निवड पदवीच्या गुणांवर होते. आणि एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातच नेटला बसा. जेआरएफ मिळाली आणि पीएच.डी.ला प्रवेश झाला की महिना ३७,००० रुपये मिळतात. त्यानंतर शाळेचा की महाविद्यालयाचा मार्ग, याचा विचार मोकळेपणानं करता येतो.

गोव्यातल्या वाचकांसाठी

महाडीबीटीच्या योजनांना महाराष्ट्राचा अधिवास लागतो, त्यामुळे कोल्हापुरात किंवा सावंतवाडीत शिकायला आलात तरी त्या तुमच्यासाठी नाहीत. तुमचं पहिलं दार गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना. फोंड्याला किंवा पणजीला घरून ये-जा करून बी.एड. होत असेल तर सीमा ओलांडण्यात आर्थिक फायदा दिसत नाही.

अडलात तर

- शुल्कमाफी असूनही पूर्ण फी मागितली: पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या आणि आवक शिक्का घ्या. आठवड्यात उत्तर नसेल तर तीच प्रत अनुसूचित जातींच्या योजनांसाठी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे आणि ईबीसी किंवा मुलींच्या शुल्कमाफीसाठी उच्च शिक्षणाच्या विभागीय सहसंचालकांकडे.
- डोनेशन मागितलं: १९८७च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे. तोंडी आश्वासनावर रोख देऊ नका.
- प्रवेश रद्द करायचा आहे: कॅपमधला प्रवेश असेल तर सीईटी कक्षाची शेवटची तारीख पाळा, तिच्या आत पैसे परत मिळतात. इतर पदव्युत्तर प्रवेशांना यूजीसीचा नियम: जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी कळवलंत तर नाममात्र कपात वजा करून पूर्ण फी, त्यानंतर ९०, ८०, ५० टक्के अशी घट, आणि त्या तारखेनंतर महिना उलटला की काहीच नाही. यूजीसी काही वर्षी याहून उदार तारखा जाहीर करते, म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक बघा.
- मूळ गुणपत्रिका, टीसी अडवून ठेवले: मूळ कागद पडताळून लगेच परत द्यायचे असतात, संस्थेला ते ठेवून घेता येत नाहीत. लेखी मागणी करा आणि प्रत विद्यापीठाच्या कुलसचिवांना पाठवा. फोनवर भांडू नका, फोनची नोंद कुणाच्याच फायलीत लागत नाही.